फॅशन डिझायनर व्हायचं राहून गेलं? मांजरपाटापासून परत सुरू करा

पहिली गोष्ट, 'फॅशन डिझायनर' हा शब्द निदान महिनाभर घरात काढू नका. मी काढला, चहा गाळता गाळता, तर सासूबाई म्हणाल्या, "आते ह्या वयमा कसाले व माय?" (आता ह्या वयात कशाला गं बाई?) आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण दाखवायलाच काही नव्हतं. "जरा शिवण शिकतेय" म्हटलं की आपल्याकडे कुणी हरकत घेत नाही, उलट दोन दिवसांत शेजारीण फॉल-पिकोची साडी घेऊन हजर. तर तेवढंच सांगा आणि कामाला लागा.

मी भुसावळची, वय एक्केचाळीस, आणि हे सगळं चुकत चुकत शिकले म्हणून आधीच सांगते की क्लास लावायच्या आधी एक महिना घरीच घालवा. मी उलटं केलं. एका ठिकाणी फी भरली, तीन महिन्यांत फ्रेमचं सर्टिफिकेट हातात आलं, पण कात्री एकदाही धरू दिली नाही, नुसत्या फायली रंगवल्या.

आधी आठवा, लहानपणी नक्की काय आवडायचं

चित्र काढायला आवडायचं, का कापड चाचपायला, का दुसऱ्याला नटवायला? तिन्ही वेगळी कामं आहेत. चित्राचीच आवड असेल तरी लाजू नका, कोल्हापूरच्या भानू अथैया यांची सुरुवात मासिकांत फॅशनची चित्रं काढण्यापासून झाली, मग कपडे आले, मग सिनेमा, आणि १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर. चित्राची एक युक्ती लगेच सांगते. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, फॅशनच्या चित्रात मात्र तो नऊ डोकी उंच काढतात. कागदावर सारख्या अंतराने नऊ घरं आखा, पहिल्यात डोकं, बाकी अंग आणि पाय उरलेल्यात. पण शिवायला बसाल तेव्हा ही नऊ डोकीवाली बाई विसरा, आपलं गिऱ्हाईक साडेसातचंच असतं.

जुनं ब्लाऊज उसवा

हा माझ्या मते सगळ्यात मोठा गुरू. कपाटातलं एखादं अंगात नीट बसणारं पण विटलेलं ब्लाऊज घ्या आणि ब्लेडने टाका टाका उसवा, फाडायचं नाही. सगळे भाग सुटे झाले की इस्त्री करून ब्राऊन पेपरवर ठेवून पेन्सिलीने उतरवा, टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या चिमट्या) कुठे, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या जागेची गोलाई पुढे किती आणि मागे किती (पुढची जास्त खोल असते), दाब, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, किती सोडलाय, सगळं लिहून ठेवा. आणि उसवताना क्रम बघा, शेवटी शिवलेलं आधी सुटतं, म्हणजे उलटं वाचलं की शिवायची रीत मिळाली!

मग दुकानातून मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड आणा, पाच मीटर. स्वस्त असतो म्हणून कात्री चालवताना हात थरथरत नाही. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मगच कापा, कारण सुती कापड आटतं आणि न भिजवता शिवलेलं पहिल्या धुण्यात अंगाला आवळतं. कापताना कागदावर उतरवलेल्या भागाची उभी रेघ कापडाच्या किनारीला समांतर पाहिजे, ती तिरकी गेली की कपडा अंगावर पिळतो आणि आपण बसतो दोरा आणि मशीनला दोष देत. गळ्याची पट्टी मात्र मुद्दाम उरेप कापायची, म्हणजे किनारीशी ४५ अंशात, तेव्हाच ती गोलाईवर वळते. गळा नेहमी कागदापेक्षा लहान कापा, मोठा कधीही करता येतो. बाजूच्या शिलाईत एक ते दीड इंच दाब सोडा. सुई साध्या सुतीला १४ नंबर, तलमला ११, जाड कापडाला १६. मशीन पायाचं असलं तरी चालतं, उन्हाळ्यात लाईट गेली की त्याची किंमत कळते.

मापं स्वतःची स्वतः घेऊ नका, वाकलात की माप बदललं. दुसऱ्याला घ्यायला लावा, छातीची टेप जमिनीला समांतर आणि आत दोन बोटं जातील एवढी सैल.

घालून बघितलं की गडबडी दिसतील. माझं पहिलं मुंढ्यात इतकं ओढत होतं की मी रागाने मुंढा एक इंच खाली कापला, आणि मग हात वर केला की सगळं ब्लाऊज वर यायला लागलं! मुंढा पाव इंचापेक्षा जास्त एकदम वाढवू नका, परत घालून बघा, मग पुढचा पाव. मांजरपाटाची अशी चार-पाच ब्लाऊजं झाली की तुम्ही कुठल्याही क्लासला योग्य प्रश्न विचारू शकता.

डिझाईन आणायचं कुठून

फोनवर बघून उतरवत बसलात तर तेच ते होणार. आपल्याकडे बघा ना. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात, ऊन लागू नये, हात खरचटू नयेत म्हणून. तो खांद्यावरून घसरतो, कफ लोंबतात, आणि लांबी जास्त म्हणून कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधायला अडचण. हा तुमचा पहिला प्रोजेक्ट समजा. कमरेपर्यंतच लांबी, मनगटाला इलॅस्टिक, काखेत हात हलायला चौकोनी तुकडा, मानेवर ऊन येऊ नये म्हणून उंच कॉलर, आणि कापड पातळ सुती. दोन बायांना घालायला द्या आणि संध्याकाळी विचारा काय खुपलं. मला एकीने सांगितलं की खिसा आतून पाहिजे, मोबाईल घामाने भिजतो तरी पडत नाही. हे मला कुठल्या क्लासात कळलं असतं?

कापडाची गंमत बघा, कापूस आपल्या शेतात आणि कापड येतं मालेगाव-बुऱ्हाणपूरच्या मागांवरून नाहीतर ताप्ती लाईनने सुरतेहून. सुरतेला एकदम पळू नका, तिथे ठोक माल आणि बराचसा सिंथेटिक, आणि मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा पॉलिस्टरचं अस्तर लावणाऱ्याला जळगावकर बाई दोनदा येत नाही. अस्तर सुतीच.

आता क्लास

निफ्टच्या (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) बॅचलर डिग्रीला वयाची अट आहे, आपलं ते गेलं, रडू नका. आयटीआयला वरची वयोमर्यादा नाही, तिथे ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाईन अँड टेक्नॉलॉजी असे एक वर्षाचे ट्रेड असतात, जवळच्या आयटीआयत कुठला आहे ते जाऊन विचारा. तेही जमत नसेल तर गावातल्या चांगल्या टेलरकाकांकडे दुपारी दोन तास बसायची परवानगी मागा, काज-बटण-हुक करून द्या आणि त्यांची कटिंग बघा. 'टेलर झालीस का' म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे, ज्याला कापता येत नाही त्याचं डिझाईन कागदावरच राहतं. नामदेव महाराज शिंप्याच्याच घरचे.

सरकारी योजनेत २०२३ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा आहे, १८ कामांत शिवणकाम पण येतं, ट्रेनिंगच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत. पण आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे, घरातल्या एकालाच मिळते, आणि घरात सरकारी नोकरी असेल तर नाही. आमचे हे रेल्वेत, म्हणून मी बाद.

पैसे मागायला शिका

मला सगळ्यात जड हेच गेलं. समजा कुर्ता आहे, कापड २४०, अस्तर ७०, दोरा-बटण २०, आणि तुमचे सहा तास, तासाला ५० धरले तरी ३००. झाले ६३०. आपण काय करतो, 'घरचीच आहे' म्हणून ३५० घेतो, म्हणजे सहा तासांचे २० रुपये. नातेवाइकांना सूट द्यायची तर द्या, पण वहीत पूर्ण रक्कम लिहून मग सूट लिहा, म्हणजे आपल्यालाही दिसतं.

ऑर्डरी इथे लाटेने येतात. लग्नसराई, अखाजी (अक्षय्य तृतीया), मग श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण. अखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा एरवी पुणे-सुरतेला असणाऱ्यांची मापं समोरासमोर मिळतात, ती वहीत तारखेसकट घेऊन ठेवा आणि शिवून नंतर पाठवा. सणाच्या आठ दिवस आधी मात्र नवीन काम बंद, मग कुणी कितीही "एकच शे ना व माय, शिवी दे" म्हणून दारात उभी राहिली तरी (बाहेरच्यांनी घाबरू नये, आमच्या अहिराणीत याचा अर्थ शिवून दे एवढाच).