जुनी पोस्टकार्डं, नोटा, पत्रं ठेवायला स्लीव्ह कुठली घ्यायची?

स्लीव्ह म्हणजे अशा वस्तू ठेवायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं पाकीट, ते घेताना सगळे आधी साइज बघतात, मग किंमत, पण सगळ्यात आधी बघायचं ते प्लॅस्टिक कुठलं आहे. मऊ पीव्हीसी असेल तर ते मऊ राहावं म्हणून त्यात जे केमिकल घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर येतं, कागदावर चिकट तेलकट थर बसतो, शाई कव्हरला लागते, आणि पीव्हीसी खराब होताना ॲसिडही सोडतं. माझी काही पोस्टकार्डं अशीच गेली, बाहेर काढताना चित्राचा वरचा थर कव्हरलाच चिकटून आला, अजून वाईट वाटतं.

मग ओळखायचं कसं, तर आधी वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास आला की ती स्लीव्ह नकोच. दुसरं म्हणजे स्लीव्हचा छोटा तुकडा कापून पाण्यात बोटाने पूर्ण बुडवा आणि सोडा (नुसता वर टाकला तर कुठलंही प्लॅस्टिक तरंगल्यासारखं वाटतं, आणि खाली हवेचा बुडबुडा राहायला नको). वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, दोन्ही चालतात. बुडाला तर पीव्हीसी असेल किंवा पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टर म्हणजे ज्याला लोक मायलर म्हणतात ते तर सगळ्यात भारी, काचेसारखं स्वच्छ, कडक, चुरगाळलं की कडकड आवाज करतं, ताणलं तरी ताणत नाही आणि वास अजिबात नसतो.

फक्त पेन्सिल, कोळसा किंवा पेस्टलचं चित्र असेल तर पॉलिएस्टर नको, त्यात स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं आणि रंगाची भुकटी ओढली जाते, अशा चित्राला ॲसिड-फ्री कागदाचं फोल्डरच बरं.

साइज आता. वस्तू मोजूनच घ्या, जुनी पोस्टकार्डं साधारण ९×१४ सेंमी असतात आणि नंतरची मोठी, १०.५×१४.८ सेंमी, म्हणजे एकच पाकीट सगळ्यांना बसत नाही. दोन-तीन मिमी सैल हवं, घट्ट असलं तर आत घालतानाच कोपरे दुमडतात.

चिकटपट्टीची पाकिटं घेणार असाल तर पट्टी झाकणावर नसून पाकिटाच्या अंगावर असलेली बघा, नाहीतर वस्तू काढता-घालताना ती गोंदाला घासते आणि एकदा चिकटली की संपलंच. कडक टॉपलोडर (वरून वस्तू घालायची जाड प्लॅस्टिकची पाकिटं) बऱ्याचदा पीव्हीसीचेच असतात, कडक असल्याने त्यात मऊ करणारं केमिकल फारसं नसतं तरी आधी पातळ पॉलिप्रॉपिलीनची स्लीव्ह घालूनच त्यात ठेवा. मागे पुठ्ठा लावायचा तर तोही ॲसिड-फ्रीच, साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. लॅमिनेशन मात्र कधीच करू नका, ते परत निघत नाही.

आणि भरलेलं पाकीट सगळीकडून हवाबंद करू नका, आत ओल अडकली तर बुरशी येते, एक बाजू उघडी राहू द्या आणि पाकिटं डब्यात उभी ठेवा.