सांगलीहून विमानाने जायचे आहे? अंतर आणि वेळ अशी काढा

विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई (सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे) व्यावसायिक दिल्लीपासून केरळपर्यंत पसरले आहेत. त्यामुळे "विमानानं किती वेळ लागतो रे?" हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी निघतो. अंतर आणि वेळ दोन्ही घरबसल्या काढता येतात.

आधी विमानतळ ठरवा, कारण हवाई अंतर गावापासून नव्हे, विमानतळापासून मोजायचे असते. सांगलीला सर्वांत जवळ कोल्हापूरचे उजळाईवाडी, मग बेळगावचे सांबरा. थेट विमाने मात्र पुण्याच्या लोहगावहून जास्त मिळतात. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, तिथे तिकिटावरचे नाव नीट वाचा.

आता मोबाइलवर गुगल मॅप्स उघडा. लोहगाव विमानतळावर बोट दाबून धरा, खूण उमटली की अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि नकाशा दिल्ली विमानतळापर्यंत सरकवा. आकडा ११६० किलोमीटरच्या आसपास येईल.

हा आकडा वहीवरही पडताळता येतो, आणि मुलांना शेजारी बसवून जरूर करावे असे हे गणित आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पुणे १८.६ वर, दिल्ली २८.६ वर; फरक १० अंश, म्हणजे १११० किलोमीटर. रेखांशात दिल्ली ३.२ अंश पूर्वेला आहे. उत्तरेकडे जावे तशी रेखावृत्ते जवळ येत जातात, म्हणून या पट्ट्यात एक अंश सुमारे १०२ किलोमीटर धरा; झाले ३२६. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा: ११५७. परदेशाच्या अंतराला ही रीत चालत नाही, तिथे पृथ्वीची गोलाई आडवी येते. नकाशावरच मोजा.

वेळेसाठी जेट विमान असेल तर अंतराला ८०० ने भागा आणि धावपट्टी, चढण, उतरण यांचा अर्धा-पाऊण तास मिळवा. दिल्लीला दोन तास ते सव्वादोन तास होतात. पंख्याच्या एटीआर विमानाला ताशी ५०० धरा. कोल्हापूर ते हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर, म्हणजे साधारण सव्वा ते दीड तास.

परदेशी जाताना घड्याळातला फरकही धरा. मुंबईहून सकाळी १० ला निघून दुबईत ११.३० ला उतरलात, तरी प्रवास तीन तासांचा झाला. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

सगळ्यात महत्त्वाचा हिशेब घरच्या दारापासूनचा, आणि तो उलटा मांडायचा. पुण्याहून विमान दुपारी २ ला. सामान घेणारे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून १२ पर्यंत पोहोचा. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी या रस्त्याला पाच तास लागतात, वर चहा-नाश्ता आणि पुण्यातली कोंडी. सकाळी साडेसहाला सांगली सोडलेली बरी. दिल्लीत उतरून सामान मिळेपर्यंत ५ वाजतात. दोन तासांच्या उड्डाणाला साडेदहा तास!

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कोल्हापूरहून विमान बदलून जाण्याचाही असाच हिशेब मांडा. उजळाईवाडीचा रस्ता तास-दीड तासाचा आहे. मधल्या विमानतळावर दोन-अडीच तासांपेक्षा जास्त थांबावे लागत नसेल, तर म्हाताऱ्या आईवडिलांना मी त्याच मार्गाने नेईन.