रोकोको व्यक्तिचित्राची नक्कल करताना

तैलरंगातलं व्यक्तिचित्र नक्कल करून शिकायचं असेल, तर फ्रेंच चित्रकार फ्रागोनारचं १७६९ च्या सुमाराचं, रोकोको म्हणजे अठराव्या शतकातल्या नाजूक, सजावटी शैलीतलं ‘वाचणारी तरुणी’ घ्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संकेतस्थळावर त्याची मोठी प्रतिमा मोफत मिळते. चेहरा एका बाजूने दिसतो, म्हणजे दोन डोळे जुळवायची कटकट नाही. कॅनव्हासवर आधी तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन छाया-प्रकाश त्यातच बसवून घ्या. गालांची गुलाबी झाक नंतर, तीही बेताने.

खरी मजा गळ्याच्या झालरीत आहे. तिथे पांढरा रंग जाडसर लावा आणि ओला असतानाच ब्रशच्या दांड्याच्या टोकाने चुण्या खरवडा. खुद्द फ्रागोनारनेही तसंच केलंय. पिवळा झगा मात्र रुंद ब्रशने, मोजक्या फटकाऱ्यांत उरका. घोटत बसलात की रंग मळलाच.