उत्तर न येणाऱ्या अर्जांचे काय करावे

नोकरी शोधणाऱ्याला नकारापेक्षाही अनेकदा जास्त जाचते ती शांतता. अर्ज पाठवल्यानंतर ‘आपला अर्ज मिळाला’ अशी यंत्राने लिहिलेली पोच येते आणि पुढे कित्येक आठवडे काहीच घडत नाही. मुलाखत झालेली असेल तर ही वाट पाहणे आणखी अवघड होते, कारण तोवर त्या जागेची कल्पना मनात रुजलेली असते. मात्र या शांततेवरून अर्जदाराच्या लायकीबद्दल फारसा निष्कर्ष काढता येत नाही. जागेसाठीचा खर्च ऐनवेळी नामंजूर होतो, आतल्याच माणसाला बढती मिळते, निवड करणारा अधिकारी स्वतःच नोकरी सोडतो, किंवा पुरेसे अर्ज आल्यावर उरलेले कोणी उघडतही नाही. यांपैकी काय घडले हे बाहेर कळवण्याची गरज बहुतेक ठिकाणी कोणाला वाटत नाही. ही पद्धत बदलणे अर्जदाराच्या हाती नाही. तिच्यात वावरताना आपला वेळ आणि आपले मन कसे सांभाळावे, एवढेच हाती आहे.

पहिले काम म्हणजे नोंद ठेवणे. साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक अर्जासाठी एक ओळ करावी आणि तीत अर्जाची तारीख, पदाचे नाव, जाहिरात कोठे पाहिली, रेझ्युमेची कोणती आवृत्ती पाठवली आणि पगाराचा कोणता आकडा भरला हे लिहावे. जाहिरातीचा पूर्ण मजकूरही लगेच जपून ठेवावा. मुदत संपली की जाहिरात काढून टाकली जाते, आणि मुलाखतीचे बोलावणे आले की आपल्याला नेमके कशासाठी बोलावले आहे हे पाहायला काहीच उरत नाही. या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र ‘बंद करण्याची तारीख’ हा आहे. अर्जानंतर दोन-तीन आठवडे उलटले की एकदाच चौकशीचा ईमेल करावा, आणखी आठवडाभर उत्तर आले नाही तर ती ओळ आपणच बंद करावी. नंतर बोलावणे आलेच तर ओळ पुन्हा उघडता येते; पण तोवर ती मनात उघडी ठेवून रोज इनबॉक्स तपासत बसण्याने काही साधत नाही.

अर्ज करण्याआधी जाहिरात वाचण्यात जो वेळ जातो तो वाया जात नाही. अनिवार्य अटी आणि ‘असल्यास प्राधान्य’ अशा अटी यांत फरक करावा. पहिल्या प्रकारातील जवळजवळ सर्व अटी पूर्ण होत असतील तर दुसऱ्या प्रकारातील उणिवांमुळे मागे हटू नये. तीच जाहिरात महिनोन्‌महिने नव्या तारखेने येत असेल, कामाचे वर्णन कोणत्याही पदाला लागू पडेल इतके मोघम असेल, किंवा ते पद संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसतच नसेल, तर अशा अर्जावर फार श्रम करू नयेत. आणि नोंदणी, प्रशिक्षण, कागदपत्रांची तपासणी अशा कोणत्याही नावाखाली अर्जदाराकडे पैसे मागितले गेले, तर ती फसवणूक समजून तेथेच थांबावे.

अर्ज स्वीकारणारे सॉफ्टवेअर रेझ्युमे आपोआप नाकारते, अशी बरीच भीती पसरलेली आहे. ही प्रणाली मुख्यतः अर्ज साठवते, त्यांतील माहिती वेगळी काढते आणि शोधण्यायोग्य करते. आपोआप नकार मिळतो तो बहुधा फॉर्ममधल्या थेट प्रश्नांमुळे: काम करण्याची परवानगी आहे का, अनुभवाची वर्षे किती, अपेक्षित पगार किती. त्यामुळे रेझ्युमेच्या सजावटीपेक्षा ही उत्तरे भरताना जास्त काळजी घ्यावी. रेझ्युमेची मांडणी एका स्तंभात ठेवावी, मजकूर चित्राच्या रूपात देऊ नये आणि शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशी नेहमीची शीर्षके वापरावीत. चाचणी सोपी आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावा, तेथे ओळी एकमेकींत मिसळल्या किंवा गायब झाल्या, तर यंत्रालाही तेच दिसण्याची शक्यता आहे. यंत्राला फसवण्यासाठी जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरांत लपवण्याची युक्तीही याच कारणाने उघडी पडते: साध्या मजकुरात ते शब्द दिसतात.

काही प्रणाली अर्जांची क्रमवारीही लावतात, पण यंत्राने लावलेला क्रम म्हणजे निःपक्ष निवाडा नव्हे. ॲमेझॉनने आधीच्या दहा वर्षांतील रेझ्युमेंवरून शिकवलेली अशीच एक प्रायोगिक प्रणाली स्त्रियांशी संबंधित शब्द दिसताच अर्जाचे गुण कमी करू लागली आणि कंपनीने ती सोडून दिली, हे 2018 मध्ये उघड झाले. यंत्र भूतकाळावरून शिकते आणि त्या भूतकाळातले पूर्वग्रहही उचलते.

रेझ्युमेत आपण काय होतो यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे ते आधी यावे. लिओनार्दो दा विंचीने सुमारे 1482 मध्ये मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला उद्देशून तयार केलेल्या पत्रात हलके पूल, वेढ्याची साधने आणि तोफा यांची यादी आधी येते, तर चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी. युद्धाच्या चिंतेत असलेल्या सत्ताधीशाला काय वाचायला आवडेल याचा तो अचूक अंदाज होता.

आता मुलाखतीकडे वळू. फसगत सर्वांत जास्त येथे होते. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देण्याची पद्धत आणि मनात येईल ते विचारण्याची पद्धत यांच्यात मोठा फरक आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये जुन्या संशोधनांचा फेरआढावा घेतला, तेव्हा पहिल्या, म्हणजे नियोजित, मुलाखतीतील गुण आणि पुढील कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे 0.42, तर अनियोजित मुलाखतीचा सुमारे 0.19 असल्याचे त्यांना दिसले. पूर्ण जुळणी म्हणजे 1 हे लक्षात घेतले, तर गप्पांच्या स्वरूपातील मुलाखतीत नापास होणे हा आपल्या कामावरचा निकाल मानण्याचे कारण उरत नाही.

यावर उपाय असा की मुलाखत घेणाऱ्याने शिस्त आणली नाही तर ती आपल्या उत्तरांनी आणावी. आपल्या कामातील सहा-सात प्रसंग आधीच लिहून काढावेत: परिस्थिती काय होती, आपल्यावर कोणती जबाबदारी होती, आपण नेमके काय केले आणि त्याचे फळ काय मिळाले. एखादा वाद मिटवल्याचा, एखादे काम फसल्यावर सावरल्याचा, मुदत पाळण्यासाठी काही सोडून दिल्याचा असे वेगवेगळे प्रसंग निवडले, तर बहुतेक प्रश्नांना त्यांतलाच एखादा लागू पडतो. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत, मोठ्याने बोलून पाहावा. मनात वाचलेले उत्तर नेहमीच आहे त्यापेक्षा चांगले वाटते. नम्रतेपोटी सगळे श्रेय संघाला देण्याची सवय अनेकांना असते. ती एरवी चांगली असली, तरी मुलाखतीत तिच्यामुळे आपला वाटा दिसेनासा होतो.

‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला जन्मापासूनची हकीकत नको असते. सध्या काय करतो, त्याआधीचे कोणते काम या पदाशी जुळते आणि हे पद का हवे, एवढे पुरते. कामात खंड पडला असेल तर त्याचे कारण एका वाक्यात खरे सांगून पुढे जावे. लांबलचक खुलाशानेच शंका वाढते.

पगाराचा प्रश्न वेगळी तयारी मागतो. युरोपीय संघाच्या 2023 च्या वेतन-पारदर्शकता निर्देशानुसार नोकरी देणाऱ्याने सुरुवातीचा पगार किंवा त्याची कक्षा (किमान ते कमाल आकडा) उमेदवाराला वेळीच कळवायची असते आणि आधीचा पगार विचारायचा नसतो. जेथे असे संरक्षण नाही तेथे सौम्य शब्दांत प्रश्न उलटवता येतो: ‘या पदाची जबाबदारी लक्षात घेऊन आपण कोणती कक्षा ठरवली आहे, ते कळले तर मला नेमके उत्तर देता येईल.’ तरीही आग्रह झाला तर आधी चौकशी करून ठरवलेली कक्षा सांगावी, आणि तिचा खालचा आकडाही आपल्याला खरोखर परवडणारा असावा.

शेवटी ‘आपले काही प्रश्न?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘नाही’ म्हणणे म्हणजे संधी दवडणे होय. ही जागा नवी आहे की कोणी गेल्यामुळे रिकामी झाली, अजून किती फेऱ्या आहेत, आणि निर्णय कोण व साधारण केव्हा घेणार आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्याच्या उत्तरातून, आणि उत्तर देतानाच्या चाचरण्यातूनही, बरेच कळते. तिसऱ्याचे उत्तर आपल्या नोंदीतील तारीख ठरवते.

घरी करायला दिलेल्या चाचणी-कामाबाबत आधीच मर्यादा आखावी. दोन-चार तासांचे काम समजण्यासारखे आहे. अनेक दिवस लागणारे आणि संस्थेला जसेच्या तसे वापरता येईल असे काम मागितले, तर मोबदला मिळणार का किंवा काम लहान करता येईल का, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

मुलाखत संपली की विचारलेले प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवावेत. नकार आल्यास कारण विचारायला हरकत नाही, परंतु कायदेशीर वादाच्या भीतीने अनेक संस्था मोघम उत्तर देतात. ‘माझे काय चुकले?’ याऐवजी ‘या पदासाठी मी कोणते एक कौशल्य आणखी पक्के करायला हवे होते?’ असे विचारल्यास काही उपयोगी हाती लागण्याची शक्यता वाढते.

साचलेल्या रागाचेही काही करावे लागते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नोकरी गेलेल्या व्यावसायिकांपैकी ज्यांनी सलग काही दिवस आपल्या भावना मोकळेपणाने लिहून काढल्या, त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकरी मिळाल्याचे स्पेरा, बुहरफाइंड आणि पेनेबेकर या संशोधकांना आढळले. विशेष म्हणजे लिहिणाऱ्यांनी अर्ज किंवा संपर्क जास्त केले नव्हते. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण वहीत लिहिलेला राग पुढच्या मुलाखतीत बोलण्यातून डोकावत नाही, हा फायदा तरी उघड आहे.

होकार आला तरी घाई करू नये. तोंडी होकारावर विसंबून सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. लेखी ऑफर लेटर हाती आल्यावर पद, पगाराचे घटक, परिवीक्षेचा काळ, नोटीस पीरियड आणि रुजू होण्याची तारीख बोलण्यात ठरल्याप्रमाणे आहेत का ते पाहावे, आणि फरक दिसला तर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. सही झाल्यावर नोंदवहीत अजून उघड्या असलेल्या प्रत्येक संस्थेला आपला अर्ज मागे घेत असल्याचे दोन ओळींत कळवावे, म्हणजे तेथे तरी पुढच्या उमेदवाराची वाट मोकळी होईल.