कीर्तनाचा व्हिडिओ, आवाज हँडी रेकॉर्डरवर: या चुका टाळा

सप्ताहात कीर्तन शूट करणाऱ्या पोरांकडे हल्ली कॅमेरे झकास असतात. घोळ होतो तो आवाजात. कॅमेऱ्याच्या माइकवर महाराज कमी आणि पंखे, जनरेटर, मागच्या रांगेतल्या गप्पा जास्त येतात. म्हणून मग झूम किंवा टॅस्कॅम कंपनीचा, हातात मावणारा रेकॉर्डर घेतला जातो. पहिल्याच कीर्तनाला आवाज फाटतो आणि शिव्या रेकॉर्डरला पडतात.

निरूपणावर लावलेली लेव्हल

साउंडवाला 'हॅलो, माइक चेक' म्हणतो आणि आपण त्यावर गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावून मोकळे होतो. इथेच माती खातो. कीर्तनात अर्धा तास बोलण्याच्या पट्टीतलं निरूपण चालतं आणि मग एकदम गजर चढतो. वीस-पंचवीस टाळकरी, वर पखवाज. टाळाचा ठोका कानाला क्षणभराचा, पण मीटरवर तो गाण्याच्या आवाजाच्या कितीतरी वर उडी मारतो. ० डीबीला, म्हणजे मीटरच्या टोकाला, धडकलेल्या लाटेचा माथा छाटला जातो आणि एडिटिंगमध्ये तो पुरता परत मिळत नाही.

तेव्हा लेव्हल गजरावर लावा. सुरुवातीच्या 'जय जय रामकृष्ण हरी'ला पीक, म्हणजे मीटरची सगळ्यात उंच उडी, -१२ डीबीच्या आसपास राहू द्या, कारण शेवटचा गजर त्याहून चढणार हे ठरलेलंच आहे. निरूपण मग मीटरवर अगदी बारीक दिसेल. दिसू दे. रेकॉर्डिंग २४ बिटवर असेल तर तो भाग नंतर सहज उचलता येतो. आपोआप गेन कमीजास्त करणारं ऑटो लेव्हल मात्र बंदच ठेवा. गजर थांबला की ते आवाज हळूहळू वर ओढतं, आणि महाराजांनी दृष्टांतात जरा श्वास घेतला की जनरेटर कीर्तन करू लागतो.

फार मोठा आणि फार बारीक आवाज एकाच वेळी सामावणाऱ्या ३२ बिट फ्लोटच्या नव्या रेकॉर्डरवर गेनची ही चिंता बरीच मिटते. पण समोरचा भोंगाच फाटत असेल, तर तो फाटलेलाच आवाज इमानेइतबारे रेकॉर्ड होतो.

मिक्सरची वायर जोडली, महाराज गायब

हा प्रकार माझ्याबरोबर घडलाय. हेडफोनवर आवाज जरा विचित्र, पसरट वाटत होता, पण येत होता. व्हिडिओ मोबाइलच्या स्पीकरवर लावला तर टाळ-पखवाज ऐकू येतायत आणि महाराजांचे नुसते ओठ हलतायत! मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून (यात एकच आवाज सुलटा आणि उलटा अशा दोन तारांतून येतो) साध्या स्टिरिओ वायरने रेकॉर्डरच्या छोट्या जॅकमध्ये सिग्नल घेतला की डाव्या बाजूला सुलटी आणि उजव्या बाजूला तीच लाट उलटी येते. मोबाइलवर दोन्ही एकत्र झाल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. टाळ-पखवाज वाचले, कारण ते मंडपातल्या दुसऱ्या माइकवर होते. उपाय सोपा आहे: एडिटिंगमध्ये एकच चॅनेल ठेवा आणि तोच दोन्हीकडे द्या. पुढच्या वेळी वायर योग्य ती न्या, रेकॉर्डरचं इनपुट माइकऐवजी लाइनवर ठेवा आणि छोट्या माइकला वीज पुरवणारी प्लग-इन पॉवर बंद करा.

ओठ पुढे, शब्द मागे

कॅमेऱ्याचा आवाज कधी बंद करू नका, कितीही भिकार असला तरी. दा विंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर त्याच्याच वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या लाटेच्या आकारावरून, रेकॉर्डरची फाइल जुळवतं. मात्र कॅमेरा मंडपाच्या टोकाला, रेकॉर्डर महाराजांपुढे असेल तर एक गंमत होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २५ मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत तो साधारण ७० मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. वेव्हफॉर्म अचूक जुळतं, पण ओठ जुळत नाहीत. २५ एफपीएसवर (सेकंदाला २५ फ्रेम) एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, तेव्हा रेकॉर्डरचा आवाज दोन फ्रेम अलीकडे सरकवा.

सुरुवातीला जुळलेला आवाज दोन तासांनी पाच-सात फ्रेम सरकला, तर तुमचं काही चुकलेलं नाही. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी असतात, एवढंच. सुरुवातीला आणि शेवटीही एकेक टाळी वाजवून ठेवा, म्हणजे फरक किती ते कळतं. निरूपणातल्या शांत जागी ऑडिओ कापून एकेक फ्रेम सरकवत जा. फरक सारखा वाढत न जाता कधी पुढे, कधी मागे होत असेल तर दोष मोबाइलच्या बदलत्या फ्रेम रेटचा. ती क्लिप आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला काढून घ्या. रेकॉर्डरचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असावा, हे वेगळं सांगायला नको.

किरकोळ, पण रडवणारे

रेकॉर्डर स्टेजच्या फळीवर ठेवू नका. टाळकरी पावली खेळू लागले की प्रत्येक पाऊल ढब्ब करून येतं. स्टँड जमिनीवर लावा. खर्जातला आवाज कापणारा लो-कट रेकॉर्डिंगच्या वेळी चालू करू नका, पखवाजाचा घुमारा जातो तो जातोच. नंतर फक्त महाराजांच्या ट्रॅकवर लावा. नॉइज रिडक्शन जपून, नाहीतर टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात.

काही रेकॉर्डरवर लाल दिवा लुकलुकतो तेव्हा रेकॉर्डिंग चालू नसतं, रेकॉर्डर नुसता तयार असतो. बटण आणखी एकदा दाबायचं. सेकंद पळताना दिसले की मगच जागेवरून हला.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागते आणि बरेच रेकॉर्डर २ जीबीला नवी फाइल सुरू करतात. काल्याचं कीर्तन लांबलं आणि शेवट सापडेना, तर कार्ड फॉरमॅट करण्याआधी त्याच फोल्डरमध्ये दुसरी फाइल बघा.