हाताने आटे पाडताना टॅप सरळ कसा ठेवायचा

टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) तिरका होतो तो पहिल्या दोन फेऱ्यांत. चार आटे पडले की तो स्वतःच पाडलेल्या आट्यांत चालतो. मग हँडल कितीही रेटलं तरी सरळ होत नाही, तुटतो. म्हणून सगळा वेळ सुरुवातीला द्या.

१२ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटला एम८ चे, म्हणजे ८ मिमी बोल्टचे आटे पाडायचेत, असं धरू. भोक ६.८ मिमीचं, आणि ते ड्रिल मशीनवरच पाडा. भोक तिरकं असेल तर टॅपही त्याच्याच मागे जातो. भोकाच्या तोंडाला ८ मिमीहून किंचित मोठा चॅम्फर (तिरका उतार) मारा, कडेला बर (धातूची धारदार कोर) ठेवू नका. जॉब (म्हणजे ती प्लेट) वाइसमध्ये लेव्हलला पकडा.

तीन टॅपच्या सेटमधला सर्वांत निमुळत्या तोंडाचा टॅप आधी. तळहात हँडलच्या मध्यावर ठेवून दाबत फिरवा. दोन्ही टोकं धरून दाबलं की एक हात हमखास जास्त दाबतो. दोन फेऱ्या झाल्या की हँडल काढा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा. एकदा समोरून, मग ९० अंशांवर बाजूने. गुण्या शँकला (टॅपच्या वरच्या गुळगुळीत दांड्याला) टेकवायचा, दात्यांना नाही. पलीकडून उजेड घ्या. फट वरच्या बाजूला रुंद होत असेल तर टॅप गुण्यापासून लांब कललाय. एक फेरी उलटा घ्या आणि परत आत नेताना गुण्याच्या दिशेने हलका दाब ठेवा. लगेच पुन्हा तपासा.

एकसारखी बरीच भोकं असतील तर टॅप सरळ धरणारा गाइड ब्लॉक करून घ्याच. २० मिमी जाड एमएसचा सपाट तुकडा, त्यात ८.१ मिमीचं काटकोनातलं भोक. स्वतःचं ड्रिल मशीन नसेल तर ठाण्यातल्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतल्या रबाळे-महापेकडच्या एखाद्या गाळ्यातून पाडून आणा. ब्लॉक जॉबवर घट्ट दाबून त्यातून टॅप चालवा. चार फेऱ्यांनी हँडल काढून ब्लॉक वरून उचला.

त्यानंतर अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, म्हणजे चिप (कापलेला धातूचा कीस) तुटते. एमएसला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडाला (कास्ट आयर्नला) कोरडंच.

दुसरा आणि तिसरा टॅप थेट हँडल लावून घुसवू नका. आधी बोटांनी फिरवून जुन्या आट्यांत बसवा, अडला की मगच हँडल. नाहीतर आट्यांवर दुसरे आटे पडतात. शेवटी बोल्ट लावून बघा: डोक्याखाली एकाच बाजूला फट दिसली तर आटे तिरके आहेत.