एचआयव्हीवरील जनुकोपचाराचा दावा कसा पारखावा

जनुकोपचाराने एचआयव्ही समूळ बरा होतो, अशी बातमी वा जाहिरात हाती आली, तर एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या औषधांची, रोजची गोळी चालू ठेवूनच तिची शहानिशा करावी. कारण या संसर्गावर मान्यता मिळालेला एकही जनुकोपचार आजमितीस नाही आणि गोळ्या थांबवल्यावर विषाणू बहुधा काही आठवड्यांतच रक्तात परततो.

उपचार आपल्या पेशीतील जनुक बदलतो की विषाणूचे जनुक कापतो, हे आधी विचारावे. पहिल्या प्रकारात सीसीआर५ हे विषाणूचे पेशीत शिरण्याचे दारच बंद केले जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ जणांवर हे करून पाहिले गेले. हातातून निघालेले रक्त यंत्रातून फिरते, पांढऱ्या पेशी बाजूला होतात आणि उरलेले रक्त शरीरात परत जाते. मग प्रयोगशाळेत सीसीआर५ कापून, पेशी वाढवून, त्या सलाइनसारख्या शिरेतून दिल्या जातात. मात्र बदल काही पेशींतच होतो, बाकीच्यांचे दार उघडेच राहते. म्हणून किती टक्के पेशी बदलल्या, हा प्रश्न आवर्जून विचारावा.

एचआयव्हीतून बरे झालेले पहिले रुग्ण टिमोथी रे ब्राउन यांचा दाखला कोणी दिला, तर त्यांचे बर्लिनमधील मूलपेशी प्रत्यारोपण रक्ताच्या कर्करोगासाठी होते आणि दात्याचे सीसीआर५ जन्मतःच निकामी होते, हे ध्यानात ठेवावे. जिवावर बेतू शकणारा तो उपाय गोळ्यांवर ठणठणीत असलेल्या माणसासाठी नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे विषाणूचे जनुक कापण्यात, ईबीटी-१०१ या क्रिस्पर (जनुक कापण्याचे तंत्र) उपचाराच्या चाचणीत गोळ्या थांबवलेल्या तिघांतही विषाणू परतला. एकाच्या बाबतीत मात्र १६ आठवड्यांनी. माझ्या मते हा उशीरही मोलाचा आहे, पण त्याला बरे होणे म्हणता येणार नाही.

भारतात चाचणीसाठी विचारणा झाली, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतील नोंदणी क्रमांक मागून तिच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा, आणि उपचाराचे पैसे मागितले गेले, तर तिथून सरळ उठावे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते आपल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या थांबवायच्या असतील, तर व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) किती दिवसांनी तपासणार आणि कोणत्या आकड्याला गोळ्या पुन्हा सुरू करणार, हे लेखी घ्यावे; त्या काळात जोडीदाराला संसर्ग होऊ शकतो, म्हणून त्यालाही आधीच विश्वासात घ्यावे आणि निरोध न चुकता वापरावा.